पाणकावळ्याने लिहिलेल्या पाठी

केरळातल्या आमच्या कोन्नक्करी गावात सरोवराचं पाणी वर असतं आणि भात खाली. मध्ये चिखलाचा बांध. बांध फुटला की वर्ष गेलं. या बांधासाठी लागणारा चिखल तळातून काढावा लागतो. आता ते यंत्रं करतात. आमच्या वेळी माणसं करायची. बुडी मारायची, तळाशी पाय रोवायचे, चिखलाची लादी कापायची, छातीशी धरून वर यायचं, होडीत टाकायची, दम घ्यायचा, पुन्हा खाली.

पुष्करनने उमेदीची सगळी वर्षं हेच केलं. बाकीचे वरवरचा सैल गाळ आणायचे, त्यांच्या होड्या दुपारपर्यंत भरायच्या. पुष्करन गाळ बाजूला सारून खालची निळसर काळी माती कापायचा. त्याची होडी सगळ्यांत शेवटी भरायची आणि घाटावर लोक त्याला हसायचे. मुकादमाला फरक कळत नसे. बांधाला कळे.

मी काथ्याच्या कारखान्यात चटया विणायचो. नीट ठोकलेली वीण आणि नुसती टेकवलेली वीण हाताला लगेच समजते. म्हणून त्याची होडी उशिरा का भरते हे मला कोणी सांगावं लागलं नाही. आमची ओळख तिथून.

बुड्या मारून मारून त्याचा डावा कान गेला. यंत्रं आल्यावर कामही गेलं. मग गावच्या वाचनालयात त्याला ठेवला. पहाटे कुलूप उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं दोरीला लावायची, कपाटं पुसायची. तिथलं एक पुस्तकही धुळीत राहिलं नाही.

पण गावात पुष्करनला मान होता तो चिखलासाठी नाही आणि झाडूसाठीही नाही. तो होडीसाठी.

आमची चुंडन, म्हणजे शर्यतीची लांब होडी. शंभराच्या आसपास माणसं तिच्यात बसतात. दोघे दोघे बाकावर, तोंडं पुढे. मध्ये ठोकेवाला उभा राहतो आणि फळीवर लाकडी दांडा आपटून ताल देतो. मागचं टोक घराएवढं उंच. तिथं पाच जण उभे राहतात, हातात माणसाहून लांब वल्ही. होडी कुठं जाणार ते त्या पाचांवर. पुष्करन त्यांतला मधला. त्याच्या आधी त्याचा बाप तिथं उभा राहायचा. एरवी ज्यांच्या पडवीत पुष्करनला कोणी बस म्हणत नसे, त्यांची मुलं पावसाळ्याच्या शेवटी खाली बाकांवर बसायची आणि हा त्यांच्या डोक्यावर उभा असायचा. वर्षातले तेवढेच दिवस.

सराव सुरू व्हायच्या आधी होडीघरात दिवा लावतात. प्रत्येकाने होडीच्या मागच्या फळीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं की होडीतलं घाटापलीकडे जाणार नाही. गेलं तर तो माणूस होडीतून उतरला. एका वर्षापुरता नाही, कायमचा. पुष्करनने हा हात दरवर्षी ठेवला.

वाचनालयात संगणक आला तेव्हा रेजीने म्हाताऱ्यांसाठी वर्ग काढला. रेजीचं जेट्टीजवळ संगणकाचं दुकान आहे, आणि तो होडीत चौदाव्या बाकावर वल्हं मारतो. वर्गाला आम्ही बरेच जण गेलो. आठवड्याभरात सगळे गळाले, मीसुद्धा. पुष्करन राहिला. एका बोटाने अक्षर शोधायचा, दाबायचा, बरोबर उमटलं का बघायचा, मग पुढचं. त्याची मुलगी सुजा कुवेतला नर्स आहे, तिला पत्रं लिहायला शिकत होता. ती पत्रं ती वॉर्डातल्या मैत्रिणींना वाचून दाखवायची. शेवटी तिने त्याला एक ब्लॉग काढून दिला. बापाला ती अच्छा म्हणते. "अच्छा, तुम्ही होडीतून जे बघता ते इथं टाका. मी जेवणाच्या सुटीत वाचेन. नाव नका घालू, गावही नका घालू."

त्याने नाव घेतलं पाणकावळा. आमच्याकडे खांबाखांबावर बसलेला असतो, बुडी मारून आला की पंख वाळवत.

हे मला ठाऊक होतं, कारण पहाटे वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात मी पहिला. तो संगणकासमोरचं स्टूल माझ्याकडे सरकवायचा.

"दिवाकरा, वाच. कुठं खोटं वाटलं तर बोट ठेव."

बोट ठेवायची वेळ क्वचित यायची. तो होडीबद्दल लिहायचा, पण शर्यत, ढोल, गर्दी यातलं काही नाही. फक्त कोण किती ओढतो. नाव कोणाचंच नाही. एक तुकडा मला अजून पाठ आहे:

"सातव्या बाकावर उजवीकडचा माणूस पाणी कापतो, ओढत नाही. त्याचं वल्हं सगळ्यांबरोबर आत जातं, सगळ्यांबरोबर बाहेर येतं. ठोकेवाल्याला तो चांगला वाटतो. पण खांद्याच्या हाडाखाली जो खड्डा पडायला हवा तो पडत नाही. खड्डा नाही म्हणजे भार नाही. त्याचा भार त्याच्या मागचा माणूस ओढतो, आणि मागच्याला वाटतं आपण म्हातारे झालो."

हा तुकडा सुजाच्या वॉर्डातून बाहेर गेला. कसा गेला ते तिलाही सांगता आलं नाही. दुबई, दिल्ली, आसाम, कुठून कुठून लोक त्याच्याखाली लिहायला लागले. आमच्या हापिसात असा एक आहे. आमच्या पलटणीत होता. माझा सख्खा भाऊ असाच. कोणी विचारलं, तुम्ही कोण. कोणी फोटो मागितला. एकाने लिहिलं, तुमचे पाय धरायचे आहेत.

पुष्करनला आनंद झाला नाही. तो अस्वस्थ झाला.

"एवढ्या लोकांचं माझ्याकडे काय काम आहे?"

"वाचतात रे. आवडलं असेल."

"आवडलं तर वाचावं आणि जावं. थांबतात कशाला?" त्याने पाय धरणाऱ्याच्या ओळीवर बोट टेकवलं. "हा बघ. हा फार गोड बोलतो. याला काहीतरी हवंय."

आमच्या भागात अनोळखी माणूस होडीतून दारात उतरला तर तो जमीन बघायला आलेला असतो, मत मागायला आलेला असतो, नाहीतर मुलगी बघायला. उगाच कोणी येत नाही. तेव्हा मी त्याला हसलो, पण मलाही ते पटत होतं.

मग एक जण आला, त्याचं नाव 'जुनं वल्हं'. त्याने कौतुक केलं नाही. एकच प्रश्न टाकला: "मागच्या बाकांवर ठोका उशिरा पोहोचतो असं तुम्ही लिहिलंत. होडी दमल्यावरही तेवढाच उशीर होतो, की वाढतो?"

पुष्करनने तो दोनदा वाचला आणि खुर्चीत मागे टेकला.

"हा बसलेला आहे."

"कुठं?"

"होडीत. कुठल्यातरी होडीत. नुसत्या बघणाऱ्याला हे सुचत नाही."

दोघांच्याही मनात एकच नाव आलं. मुंडाट्टुपुरम. सरोवराच्या पलीकडचं गाव, लागोपाठ दोन वर्षं आम्हाला मागे टाकणारं. पुष्करनने उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात जुनं वल्हं पुन्हा आलं. "उत्तर नको असेल तर नको. तुमचा खांदा कसा आहे?"

"माझा खांदा याला कशाला हवा?" पुष्करन म्हणाला.

मी त्याला म्हटलं, बंद कर. सराव तोंडावर आहे, फळीवर हात ठेवायचाय.

"मी होडीचं कुठं सांगतो? मेहनतीचं सांगतो. नाव आहे का कोणाचं?"

त्याच्या डोक्यात ते पक्कं होतं. नाव घेतलं नाही म्हणजे सांगितलं नाही. त्या वर्षीही त्याने दिव्यासमोर फळीवर हात ठेवला, आणि त्याचा हात जराही कचरला नाही. मी शेजारी उभा होतो. होडीला तेल लावायचं काम माझ्याकडे असतं. माशाचं तेल, करवंटीचा कोळसा आणि अंड्यातलं पांढरं घोटून तळाला चोळायचं, म्हणजे होडी पाण्यावर सरकते.

होडीचा कप्तान औसेप्पच्चन मुतलाळी, मुतलाळी म्हणजे मालक. भाताची गिरणी त्याची, सरावाच्या महिन्यात शंभर जणांचं जेवण त्याचं, म्हणून कप्तानपद त्याचं. आणि सातव्या बाकावर उजवीकडे बसणारा जोजी हा त्याचा पुतण्या. हे मी आधी सांगायला हवं होतं.

सराव सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मुतलाळीच्या जावयाने दुबईहून तो तुकडा पाठवला आणि विचारलं, ही आपलीच होडी ना? मुतलाळीने संध्याकाळी सगळ्यांना घाटावर थांबवलं. मोबाइल हातात धरून पूर्ण तुकडा वाचला. खड्ड्यापर्यंत आल्यावर मागून कोणीतरी खुसखुसलं.

"हसा," मुतलाळी म्हणाला. "मुंडाट्टुपुरमचेही हसत असतील. ठोका मागे उशिरा पोहोचतो, हेही यात आहे. आपलं दुखणं आपणच गावभर वाटतोय. कोण लिहितो?"

त्याने मोबाइल खिशात टाकला.

"संगणक कोणाला येतो?"

सगळ्यांच्या माना चौदाव्या बाकाकडे वळल्या.

"मुतलाळी, मी लिहिलेलं नाही," रेजी म्हणाला. "मला दुकानाचं बिल लिहायचा कंटाळा येतो."

"सातव्या बाकावर कोण बसतं ते तुला ठाऊक आहे."

"ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. जोजी ओढत नाही हे तर घाटावरच्या बदकांनाही ठाऊक आहे."

जोजी अंगावर धावून आला. दोघातिघांनी धरला. मुतलाळीने रेजीला उद्यापासून येऊ नको असं नाही सांगितलं. रविवारपर्यंत दुसरं नाव कळलं नाही तर तुझं वल्हं इथं ठेवून जा, असं सांगितलं. रेजीच्या बापानेही त्याच चौदाव्या बाकावर वल्हं मारलं होतं.

पुष्करन पाचांच्या मध्ये उभा होता. त्याने उजवा कान पुढे केलेला होता, म्हणजे सगळं ऐकलं.

परतताना तोच म्हणाला, "रविवारला वेळ आहे."

"वेळ आहे म्हणजे काय होणार आहे?"

"बघू."

तो घाबरला होता. एरवी बघू म्हणणारा माणूस नाही तो.

शुक्रवारी कुंजम्माने मला रस्त्यात गाठलं. कुंजम्मा माडीच्या दुकानात मासे रांधते. तिच्या हातचं खायला पलीकडच्या काठावरून लोक येतात.

"दिवाकरचेट्टा, एक माणूस बसलाय. सकाळच्या बोटीने आला. उकडलेला कप्पा घेतला, करीमीन मासा घेतला, माडीला हात लावला नाही."

"देवभक्त असेल."

"देवभक्त माझ्या दुकानात कशाला येईल? ऐका तर. त्याने विचारलं, तुमच्या होडीत मागच्या टोकावर कोण कोण उभे असतात. असं कोणी विचारतं का? लोक कप्तान विचारतात, ठोकेवाला विचारतात, गेल्या वर्षी का हरलात विचारतात. मागचे पाच कोण विचारतं?"

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, अजून मासा घेणार का."

मी गेलो. पन्नाशीचा माणूस, अंगात परदेशातला शर्ट, पायात आपल्याकडची रबरी चप्पल. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. मी समोर बसलो आणि कुंजम्माने न मागता माझ्यापुढे बिनदुधाचा कट्टन चहा ठेवला, म्हणजे तिलाही ऐकायचं होतं.

"कुठून आलात?"

"शारजाहून. सुटीवर आहे. तिथं गोदामात असतो."

"आमच्याकडे काय काम?"

"काम नाही. एकाला भेटायचंय. तो लिहितो, त्याचं नाव माहीत नाही."

"नाव माहीत नाही तर गाव कसं कळलं?"

"गावाला वेळ लागला. पंचायतीने घाटाची पायरी बदलल्याचं त्याने एकदा लिहिलं होतं. पण माणूस लगेच कळला." तो पुढे झुकला. "त्याने सगळी होडी लिहिलीय. मान लिहिलीय, खांदे, कंबर, बनियनचं भोक. एक चेहरा नाही. कोणाच्या मिशा नाहीत, दात नाहीत, डोळे नाहीत. बाकावर बसलेल्याला पुढच्या दोन पाठी दिसतात. ठोकेवाल्याला तोंडं दिसतात. सगळ्यांच्या सगळ्या पाठी फक्त मागून दिसतात."

मी चहा खाली ठेवला. इतके दिवस मी ते वाचत होतो, खोटं शोधत होतो, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"भेटून काय करणार?"

"काही नाही. विचारीन, खांदा कसा आहे. माझा असा झाला." त्याने खाली आलेला खांदा हलवला. तो हलला नाही फारसा. "मीही उभा राहायचो. बारा वर्षं."

"कुठल्या होडीत?"

"मुंडाट्टुपुरमच्या."

कुंजम्माने हातातलं भांडं आपटलं.

"पुढची बोट अकराला आहे," मी म्हणालो. "त्या बोटीने जा. इथं असा कोणी नाही."

तो वाद न घालता उठला. हात धुतले, कुंजम्माला मासा चांगला होता म्हणून सांगितलं आणि जेट्टीकडे गेला. मी वळलो तेव्हा भिंतीकडच्या बाकावर पाठ करून बसलेला माणूस उठत होता. जोजी. त्या एका पाठीबद्दल मी एवढं वाचलं होतं आणि ती समोर असून ओळखली नाही.

रविवारी होडीघरात मुतलाळीने रेजीला बाजूला उभं केलं, आणि मागच्या पाचांना पुढे बोलावलं.

"रेजी नाही. या पाचांतला आहे. परका माणूस येऊन आपल्याला सांगून जातो, इतकी आपली अब्रू. कोण ते आपणहून सांगा."

कोणीही कोणाकडे बघेना. मग मुतलाळीने एकेकाला घेतलं. पहिला त्याचाच मेव्हणा, त्याला सोडला. दुसरा वर्गीस, त्याला सही करता येत नाही, अंगठा लावतो. तिसरा वासुदेवन, देवळातला, खोटं बोलत नाही असं समजतात. चौथा शाळामास्तर भार्गवन. मुतलाळीची नजर तिथं थांबली. शंभरांची नजर तिथं थांबली.

"मुतलाळी, मी व्याकरण शिकवतो. ते लिखाण वाचलं मी. त्यात धड वाक्यं नाहीत."

"मुद्दाम बिघडवली असतील."

"आणि हा?" कोणीतरी पुष्करनकडे बोट करून म्हणालं.

"हा चिखलवाला? हा लिहिणार?" जोजी म्हणाला. "याने सही केली तरी कागदाला माती लागते."

लोक हसले. मुतलाळीसुद्धा हसला आणि पुन्हा मास्तरांकडे वळला. पुष्करनला काही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. त्या हसण्याआड तो पुढची पाच वर्षं उभा राहू शकला असता.

"मुतलाळी," तो म्हणाला. "मी."

"काय मी?"

"मी लिहितो. मास्तरांना सोडा. रेजीलाही सोडा."

कोणालाच खरं वाटेना. जोजी पुन्हा हसला, पण आता तो एकटाच. मी म्हणालो, "तो लिहितो. मी वाचत आलोय."

मुतलाळीने सगळ्यांना बाहेर काढलं. मी होडीखाली तेलाची चिंधी घेऊन बसलेला होतो. मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही, तेलवाल्याला म्हणत नाहीत.

दोघंच उरल्यावर मुतलाळीचा आवाज बदलला. तो पुष्करनच्या उजव्या बाजूला आला. कुठला कान चालतो हे त्याला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"पुष्करा, किती लोक वाचतात?"

"मोजलं नाही. पुष्कळ आहेत."

"मुंडाट्टुपुरमचे वाचतात?"

"वाचत असतील."

"मग लिहीत राहा. मी नियम बघणार नाही, कोणाला बोलू देणार नाही. उभा राहा तुझ्या जागी. फक्त मी सांगेन ते लिहायचं. मागचा ठोका आता बरोबर पोहोचतो असं लिही. डावी बाजू कमजोर आहे असं लिही, म्हणजे ते डावीकडून येतील, आणि तिकडे तर आपली खरी माणसं आहेत. समजलं?"

"समजलं."

"आणि सातव्या बाकाचं दुरुस्त कर. पोरगा आता ओढतो असं लिही. घरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

मी चिंधी थांबवली. मला वाटत होतं, हो म्हण. चार ओळी आहेत, लिही आणि उभा राहा. तुझा बाप उभा होता तिथं.

"जोजीला ओढायला सांगा," तो म्हणाला. "त्याने ओढलं की लिहितो."

"आणि डावी बाजू?"

"डावी चांगली आहे."

"मग वल्हं ठेव."

पुष्करनने वल्ह्याचं पातं धोतराने पुसलं, दांडा पुसला, आणि भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर ते नीट आडवं ठेवलं. एक टोक जरा खाली होतं, ते पुन्हा उचलून सरळ केलं. मग गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी आम्ही दोघं बांधावर उभे होतो, गर्दीत. त्याची काठावर उभं राहून शर्यत बघण्याची ही पहिलीच वेळ. होडी समोरून आली. ढोल, किंकाळ्या, पाण्याचे फवारे. पुष्करन डोळे बारीक करून बघत राहिला. आमचा चौथा नंबर आला. मुंडाट्टुपुरम पहिले. त्यांच्या होडीत मागच्या बाकांजवळ दुसरा ठोकेवाला उभा होता. गेल्या वर्षी नव्हता.

"बघितलंस?" मी म्हणालो. "मागे ठोका उशिरा पोहोचतो म्हणून दुसरा उभा केला. हे तू लिहिलेलंच."

"त्यांनाही सुचू शकतं."

"आणि तो शारजावाला? खांद्याची चौकशी करणारा?"

"त्यालाही सुचू शकतं." मग म्हणाला, "त्याचा खांदा खरा होता का?"

"खाली होता."

"उजवा की डावा?"

"डावा."

तो विचारात पडला. मागे उभ्या राहणाऱ्याचा कुठला खांदा जातो ते मला ठाऊक नाही, त्याला ठाऊक होतं. त्याने मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने स्टूल सरकवलं. नवा तुकडा होता, छोटा:

"या वेळी मी काठावर होतो. पहिल्यांदा चेहरे बघितले. सातव्या बाकावरच्याचे दात आवळलेले होते, डोळे बाहेर आले होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. चेहऱ्यावरून बघितलं तर सगळ्या होडीत तोच सर्वांत जास्त ओढत होता. काठावरून मला काही कळत नाही. आता होडीबद्दल लिहिणार नाही."

"बोट ठेवायला जागा आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने टाकला. बरेच दिवस त्याखाली लोक हळहळत राहिले, आणि तो एकेकाला संशयाने वाचत राहिला. या बाईला माझं काय दुःख? हा सैन्यातला माणूस मला रोज का लिहितो? रेजी मात्र दर सोमवारी येऊन संगणक आतून साफ करून जायचा, पैसे घ्यायचा नाही. त्याच्याकडेही पुष्करन आधी दोनदा बघायचा.

परतीचा पाऊस संपता संपता जुनं वल्हं आलं. "मी कायमचा परत आलोय. आमच्या होडीत मागच्या पाचांत एक जागा रिकामी आहे. माझा खांदा चालत नाही. तुमचा चालत असेल तर या. आमच्याकडे लिहायला बंदी नाही."

मी वाचलं आणि म्हणालो, "हे यांनी पहिल्यापासून ठरवलेलं असणार. तुला इथून उठवायचं आणि तिकडे न्यायचं. तो दुकानात मोठ्याने बोलला तो कोणी ऐकावं म्हणूनच."

"असेल."

"मग?"

त्याने खुर्ची पुढे ओढली, एक बोट काढलं आणि अक्षरं शोधायला लागला. एवढ्या महिन्यांत त्याने कुठल्याही अनोळखी माणसाला उत्तर लिहिलं नव्हतं. मी मागून वाचत होतो.

"तुमच्या सातव्या बाकावर उजवीकडे कोण बसतो, आणि तो कोणाचा कोण?"

पाठवलं. मग उठून झाडू घेतला आणि खुर्चीखालून सुरुवात केली.